निसटणारं ढोपर

ओहोटी लागली की सिंधुदुर्गातल्या मिठबावच्या पुळणीवरची ओली वाळू थापी मारल्यासारखी घट्ट होते. आम्ही कबड्डी तिथेच शिकलो. काठीने रेषा ओढायच्या, मधली रेषा पायाच्या अंगठ्याने गिरवून खोल करायची आणि गजबादेवीच्या टेकडीआड सूर्य जाईपर्यंत खेळायचं. वाळूत कुणी पडलं तरी उठून अंग झटकून पुन्हा उभं राहायचं. इतक्या वर्षांत त्या पुळणीवर कुणाचा गुडघा गेल्याचं मला आठवत नाही. माझा गेला तो मॅटवर.

तालुक्यातली स्पर्धा होती. मी डावा कोपरारक्षक. चढाईपटूचा घोटा हाताला लागला, मी पाय रोवला, साखळीतला भिडू मदतीला झेपावला आणि तिघांचं वजन माझ्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने आलं. बूट मॅटला चिकटलेला, धड वळलेलं. आतून 'टक्' असा आवाज आला. तो मी कानाने ऐकला की हाडाने, हे अजून सांगता येत नाही. पहिल्या मिनिटाची कळ भयंकर होती. मग ती ओसरली, आणि फसगत झाली ती तिथेच. मी उठलो, चार पावलं चाललो, पुन्हा मैदानात उभा राहिलो. पुढच्या चढाईला वळलो आणि पाय खालून कुणी काढून घ्यावा तसा कोसळलो. घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"झिला, पाय टेक बघूया," आई म्हणाली. पाय टेकला. पाय टेकतो म्हणजे हाड मोडलेलं नाही, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. मुरगळलंय, आठवडाभर विश्रांती घ्या, गोळ्या घ्या. नंतर गावठी तेल झालं, मालीश झाली, लेप झाला. तीन आठवड्यांनी सूज गेली. मी सरळ रस्त्याने चालू लागलो आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण गुडघा माझा राहिला नव्हता. पाणंदीतून उतरताना, जांभ्याच्या पायरीवर वळताना, मेरेवरून चालताना तो अचानक निसटायचा. आमच्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: ढोपर निसटता. पुढे डॉक्टरी पुस्तकं चाळली तेव्हा पाहिलं की या दुखण्याचं मुख्य लक्षण म्हणून तिथेही हेच नोंदवलेलं असतं. रुग्ण 'दुखतं' असं कमी म्हणतो, 'भरवसा वाटत नाही' असं जास्त म्हणतो. अकरा महिने मी त्या भरवसा नसलेल्या गुडघ्यावर काढले. निदान झालं तेव्हा कळलं की लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटलं होतं. सांध्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, मात्र त्या दिवशी फाटली नसावी. ती नंतरच्या अकरा महिन्यांत, प्रत्येक निसटण्याबरोबर थोडी थोडी फाटत गेली.

हा लेख त्या अकरा महिन्यांसाठी लिहितो आहे.

*

मांडीचं हाड आणि नडगी यांचा सांधा म्हणजे गुडघा. वरच्या हाडाची टोकं गोल, खालच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. सपाट पाटावर दोन नारळ ठेवावेत तशी ही रचना आहे. खुब्यासारखी खोल वाटी इथे नाही. तरीही आपण या सांध्यावर उड्या मारतो, डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतो. हाडांना जागेवर धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. दोन्ही बाजूंना एकेक, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. त्या दोघांपैकी पुढचा तो एसीएल; माझा तुटला तो हाच. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी करंगळीहून कमी. नडगीला पुढे सरकू न देणं आणि पाय रोवलेला असताना सांध्याला पिळू न देणं ही त्याची कामं. तरुण माणसाचा हा बंध प्रयोगशाळेत ताणून पाहिला तेव्हा तो तुटायला सुमारे २,१६० न्यूटन एवढा जोर लागला. आपल्या भाषेत सव्वादोनशे किलोच्या आसपास. धावता माणूस पाय रोवून एकदम वळतो आणि त्याच क्षणी बाहेरून कुणी आदळतं, तेव्हा हा आकडा ओलांडला जातो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची यादी आहे. मांडी आणि जंघा जिथे मिळतात ते 'जानु' मर्म, आणि त्याला इजा झाली की माणूस लंगडा होतो, असं तिथे सांगितलं आहे. तो का लंगडतो, हे कळायला पुढची अनेक शतकं लागली.

बाजूचा बंध फाटला तर बहुतेक वेळा पट्टा बांधून आणि वेळ देऊन तो सांधतो. आतला एसीएल मात्र बहुधा सांधत नाही. तो सांध्यातल्या वंगणात बुडालेला असतो. जखम भरायची तर आधी रक्ताची गुठळी जमावी लागते आणि तिच्या आधाराने नवे धागे विणले जातात. सांध्यातलं पाणी ती गुठळी टिकू देत नाही. तुटलेली दोन टोकं समोरासमोर लोंबत राहतात, रापणीच्या जाळ्याच्या फाटक्या दोरासारखी. अंगावरची जखम भरते, मोडलेलं हाड जुळतं, मग हेही जुळेल असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो.

शल्यविशारदांनीही आधी तसंच धरलं होतं. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन यांनी ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराचा गुडघा उघडला. खाणीत माती अंगावर कोसळून त्याचे आतले दोन्ही बंध सुटले होते. रॉबसन यांनी ते कॅटगटच्या दोऱ्याने जागेवर टाचले. सहा वर्षांनी तो माणूस कामावर होता आणि पाय भक्कम असल्याचं सांगत होता. आधुनिक वैद्यकात नोंदलेली या प्रकारची ही पहिली शस्त्रक्रिया एका कष्टकऱ्याच्या पायावर झाली, खेळाडूच्या नव्हे. मिठबावात बसून हे वाचताना मला ते फार महत्त्वाचं वाटलं. का, ते पुढे येईल.

पण नुसतं टाचणं सगळ्यांना लाभलं नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अशा रीतीने शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांचा हिशेब १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचा गुडघा पुन्हा अस्थिर झाला होता. मग तुटका बंध शिवण्याऐवजी त्याच्या जागी शरीरातलाच दुसरा दोर बसवायचा, हा मार्ग रूढ झाला. तशी पुनर्रचना ब्रिस्टॉलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्येच करून दाखवली होती. दुसरीकडे टोकियोत १९१८ मध्ये केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहायच्या दुर्बिणीने मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५९ च्या सुमारास सांध्याची खास दुर्बीण व्यवहारात आणली. १९८० नंतर या दोन वाटा एकत्र आल्या. आज गुडघा उघडावा लागत नाही, दोन-तीन छोट्या छिद्रांतून काम होतं.

*

निदानासाठी आधी लागतात ते जाणते हात. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. बंध शाबूत असेल तर दोर ताणल्यासारखा ठाम अटकाव लागतो. तुटला असेल तर नडगी सरकत राहते आणि शेवट मऊ लागतो. याला लॅकमन चाचणी म्हणतात. एक मिनिटही लागत नाही. एमआरआय नंतर येतो, मुख्यतः आणखी काय काय फाटलंय ते पाहायला. एक्स-रे काढायलाच हवा, कारण हाडाचा टवका उडालेला असू शकतो. पण एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. 'एक्स-रे चांगला आहे' या वाक्याचा अर्थ 'हाड चांगलं आहे' एवढाच. माझे अकरा महिने त्या वाक्यात गेले.

यापुढे गावातल्या कुणाला मैदानात 'टक्' असा आवाज आला, त्याला खेळ सोडावा लागला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर तपासून खात्री होईपर्यंत ते लिगामेंट तुटलंय असंच समजावं. इतक्या लवकर येणारी सूज पाण्याची नसते, बहुधा आत झालेल्या रक्तस्रावाची असते. त्यावर जोराची मालीश करू नये. बर्फ, दाबपट्टी, पाय उशीवर उंच, आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. सूज असताना चाचणी नीट झाली नाही, तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा करून घ्यायची. हा दुसरा फेरा बहुतेक जण चुकवतात, कारण तोवर बरं वाटायला लागलेलं असतं.

*

तुटलं म्हणजे ऑपरेशन आलंच का? नाही. या मुद्द्यावर मला दोन अभ्यास सगळ्यांसमोर ठेवायचे आहेत. स्वीडनमध्ये एसीएल नुकताच तुटलेल्या १२१ तरुण, हालत्याफिरत्या माणसांचे दोन गट केले. एकाचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता शिस्तीचा व्यायाम, गरज पडली तरच पुढे ऑपरेशन. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांनीही व्यायामगटातल्या जवळपास अर्ध्यांना सुरी लागलीच नव्हती. २०२२ मध्ये ब्रिटनमधला अभ्यास आला. त्यातली ३१६ माणसं वेगळी होती. इजा जुनी झालेली, गुडघा अजूनही निसटणारा. तिथे ऑपरेशनवाल्यांचं दीड वर्षानंतर अधिक बरं चाललं होतं.

म्हणजे इजा ताजी असेल आणि गुडघा व्यायामाने भरवशाचा होत असेल, तर थांबून पाहणं शहाणपणाचं. गुडघा निसटतच राहिला, तर थांबणं म्हणजे गाद्या आणि कूर्चा झिजवणं. यात एक मधली अट दडली आहे, तिच्याकडे आपल्याकडे कुणी पाहत नाही. व्यायाम म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, आठवड्यातून अनेकदा, महिनोन्महिने केलेला व्यायाम. कागदावर काढून दिलेली सहा चित्रं म्हणजे व्यायाम नव्हे.

दुसरी गोष्ट जमिनीची. शहरातल्या डॉक्टरांच्या तोंडी एक प्रश्न असतो: तुम्ही खेळाडू आहात का? नाही म्हटलं की ते म्हणतात, मग या लिगामेंटवाचून तुमचं अडणार नाही. सपाट फरशीवर, लिफ्टमध्ये आणि मोटारीत दिवस काढणाऱ्याचं खरंच अडत नाही. पण मिठबावातला माणूस दिवसभर कशावर चालतो? वाळू, कातळ, शेवाळलेली पायरी, भाताची मेर, हलती होडी. रापण ओढणारा माणूस टाच वाळूत रुतवून सगळं अंग मागे टाकतो आणि पावलागणिक पिळतो. आंब्याच्या दिवसांत हातात झेला घेऊन फांदीवर उभा राहणारा एका पायावर वळतो. दशावतारी नट रात्रभर युद्धनृत्यात गिरक्या घेतो. यांतला कुणी 'खेळाडू' या सदरात बसत नाही, पण त्यांच्या गुडघ्याला लागणारा पीळ कबड्डीपटूहून फार कमी नसतो. ज्याच्या पोटाचा धंदा वळण्यावर आणि उतरण्यावर आहे, त्याला डॉक्टरने 'खेळता का' असं विचारून भागणार नाही. 'काम काय करता आणि कुठल्या जमिनीवर करता' हे विचारायला हवं. लीड्सच्या त्या खाणकामगाराला हेच हवं होतं. त्याला सामना जिंकायचा नव्हता, खाणीत उतरायचं होतं.

*

माझं ऑपरेशन मुंबईत झालं, कारण मुंबईत काकांची खोली होती. सिंधुदुर्गातल्या माणसाचा वैद्यकीय नकाशा असा नातेवाइकांवरून आखला जातो. कुणाला ओरोसचं जिल्हा रुग्णालय, कुणाला घाट चढून कोल्हापूर, कुणाला गोव्यातलं बांबोळी, कुणाला दादर-परळ. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं आहे, ही मोठी गोष्ट आहे.

ऑपरेशनचं वर्णन थोडक्यात करतो, कारण त्याची भीती अनाठायी आहे. कमरेत भूल देतात. गुडघ्याखाली आतल्या बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढी चीर देऊन मांडीच्या मागच्या स्नायूंचे एक-दोन दोर काढतात, चारपदरी दुमडून आठेक मिलिमीटर जाडीची वात करतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून ती वात जुन्या बंधाच्या जागी ओढून घेतात. वर छोटं धातूचं बटण, खाली स्क्रू. फाटलेली गादी शिवण्याजोगी असेल तर शिवतात. माझी थोडी कापावी लागली. साधारण दीड तासाचं काम.

दोर कुठून घ्यायचा, याला आपल्याकडे वेगळा अर्थ आहे. गुडघ्याच्या वाटीखालचा दोर हाडाच्या तुकड्यांसकट घेण्याची पद्धत जगभर नावाजलेली आहे, पण तिच्यानंतर काही जणांना गुडघे टेकून बसणं दुखतं. भात लावणारी बाई, नमाज पढणारा माणूस, उकिडवं बसून जाळं विणणारा, यांना ते रोजचं दुखणं होईल. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा दोर घेण्याची पद्धतही अलीकडे रुळते आहे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं: मला मांडी घालायची असते, मला उकिडवं बसायचं असतं. यात संकोच कसला?

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन मी उभा राहिलो. खरा उपचार तिथून सुरू झाला.

बसवलेली वात पहिल्या दिवशी मजबूत असते आणि मग कमकुवत होत जाते, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. तिचा रक्तपुरवठा तोडून ती आणलेली असते. आतल्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग कित्येक महिने ती दोराची लिगामेंट बनत राहते. दुसरा-तिसरा महिना सर्वांत नाजूक. नेमकं तेव्हाच सूज गेलेली असते, चाल सुधारलेली असते आणि मंडळाची पोरं विचारत असतात, "कधी येतंस?" आतला बंध सर्वांत कच्चा असतो तेव्हाच माणसाला तो सर्वांत पक्का वाटतो.

मांडीचा स्नायू एव्हाना आटलेला असतो. माझ्या दोन मांड्यांतला फरक आईला लांबून दिसायचा. तो भरून काढणं, एका पायावर तोल धरणं, मग उडी, मग उडीवरून उतरणं, मग वळणं, असा तो क्रम. आठवड्यातून एकदा मी एसटीने कणकवलीला फिजिओथेरपीसाठी जायचो, बाकीचे दिवस घरी. पाऊस लागला की तेही चुकायचं. त्या काळात माझ्याबरोबर चालली ती पुळण. आधी कडक ओल्या वाळूवर सरळ, मग महिन्यांनी तांबळडेगच्या दिशेने कोरड्या वाळूत, आणि सर्वांत शेवटी देवळाची टेकडी उतरणं. चढणं आधी जमलं, उतरणं फार नंतर.

खेळात परतण्याच्या बाबतीत आकडे कठोर आहेत. अमेरिका आणि नॉर्वे इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल तितका पुन्हा इजेचा धोका घटतो. दर महिन्याला जवळपास निम्म्याने. नुसते महिने मोजूनही चालत नाही. एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या मुलामुलींत सुमारे २३ टक्क्यांचं पुन्हा तुटतं, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं.

कुस्तीगीर विनेश फोगाटच्या गुडघ्याला १३ ऑगस्ट २०२३ ला इजा झाली, १७ ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाच्या आत, ६ ऑगस्ट २०२४ ला तिने पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या युई सुसाकीला हरवलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतची गाडी ३० डिसेंबर २०२२ ला उलटली, गुडघ्याचे बंध तुटले, मुंबईतच उपचार झाले आणि मार्च २०२४ मध्ये तो मैदानात परतला. इजा आणि निदान यांत दोघांचे दिवस गेले, महिने नाही. रोज हाताशी फिजिओ होता. त्यांच्या जिद्दीला मी मनापासून नमस्कार करतो. पण आमच्या पोरांत जिद्द कमी आहे म्हणून ती घरी बसतात, असं कुणी म्हणू नये. मिठबावच्या पोराला विनेशसारखं ऑपरेशन आज मिळू शकतं. ऑपरेशननंतरचे तिचे तीनशे दिवस त्याला मिळत नाहीत. सिंधुदुर्गाला माझ्या मते आज सर्वांत जास्त गरज आहे ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोज बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टची. ऑपरेशनसाठी माणूस एकदा मुंबईला जाईल. रोजच्या व्यायामासाठी कसा जाईल?

*

आता कबड्डी भरवणाऱ्या मंडळांशी बोलतो.

मॅट आली, बूट आले, खेळ देखणा झाला. पण वाळू पायाला सरकू देते आणि मॅटवरचा रबरी तळवा पायाला धरून ठेवतो. नॉर्वेतल्या हँडबॉलच्या नोंदींत लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम जमिनीवर मुलींचे एसीएल अधिक तुटल्याचं दिसलं आहे. मुलींना ही इजा मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते, आणि आपल्या मुली आता हिरिरीने कबड्डीत उतरत आहेत. त्याच नॉर्वेत १२० संघांतल्या १,८३७ मुलामुलींवर प्रयोग झाला. अर्ध्या संघांनी सरावाआधी पंधरा-वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम केले: धावत थांबणं, उडीवरून गुडघे आत न झुकवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद. त्या हंगामात गुडघ्या-घोट्याच्या इजा दुसऱ्या गटात ८१ झाल्या, या गटात ४८. कसलंही यंत्र लागलं नाही. पुळण पुरेल.

तेव्हा यंदाच्या स्पर्धांना ढालींचा आकार थोडा कमी करा आणि तीन गोष्टी करा. सामन्याआधी वीस मिनिटं हे व्यायाम सगळ्या संघांना सक्तीचे करा. मैदानाजवळ बर्फ, दाबपट्टी आणि एक गाडी तयार ठेवा. आणि ज्याचा गुडघा त्या दिवशी सुजला त्याला पंधरवड्याच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. खर्चाचा प्रश्न आला, तर योजनेत असलेल्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, ते आधी त्यांना विचारा; कर्ज काढायचं की नाही ते नंतर ठरवा.

आणि ज्याचं ढोपर आज हा लेख वाचत असतानाही निसटतं आहे, त्याने ते तपासून घ्यावं. डॉक्टरांना सांगावं, "लॅकमन करून बघा." एक मिनिट लागतं.